सफेतली बरोबरी आणि उंबरठ्यावरची बिरादरी

रबीउल अव्वल महिना आला की गावोगावी सीरतचे जलसे भरतात. मौलानासाहेब बोलतात, एखादे प्राध्यापक मराठीतून बोलतात, शेजारच्या समाजातले चार प्रतिष्ठित पाहुणे मुद्दाम बोलावलेले असतात. विषय बहुधा ठरलेला असतो, इस्लाममधील समता. हजरत बिलाल यांचे नाव निघते, राजा आणि रंक एका सफेत खांद्याला खांदा लावून उभे राहतात हे सांगितले जाते, पाहुणे माना डोलावतात आणि आपली छाती भरून येते. यातला एक शब्दही खोटा नाही. तरीही आमची तक्रार आहे. ही समता आपण नेहमी दुसऱ्यांना ऐकवतो, स्वतःला ऐकवत नाही. धर्माने आपल्या खांद्यावर ठेवलेल्या जबाबदारीचा आपण मिरवायचा दागिना करून टाकला आहे.

जलसा आटोपतो, मंडप उतरतो आणि त्याच मोहल्ल्यात कुणाच्या तरी मुलीच्या सोयरिकीची बोलणी सुरू होतात. मुलगा नमाजी आहे, शिकलेला आहे, कमावता आहे, निर्व्यसनी आहे. हे सगळे नंतर. पहिला प्रश्न असतो, बिरादरी कोणती? उत्तर बागवान आले, पिंजारी आले, तांबोळी, अत्तार, मणियार, मोमीन, खाटीक, मुलाणी, फकीर आले, की समोरच्याच्या चेहऱ्यावर हिशेब दिसू लागतो. कोण कुणाच्या वर आणि कोण कुणाच्या खाली, हे कोणत्याही किताबात न वाचता सगळ्यांना पाठ असते. शिकलगार, छप्परबंद, दरवेशी, मदारी यांच्यावर तर हा प्रश्न विचारला जाण्याचीही पाळी येत नाही. त्यांच्या दारात सोयरीक घेऊन जायचे कुणाच्या मनातही येत नाही.

सफेतली बरोबरी दहा मिनिटांची असते. सलाम फिरवला की सफ मोडते आणि जो तो आपापल्या बिरादरीत परत जातो. आमचे म्हणणे एवढेच आहे की, इस्लामने माणसाला दिलेल्या मोलाची परीक्षा सफेत होत नाही, ती घराच्या उंबरठ्यावर होते. आणि त्या परीक्षेला बसायचीच आपली तयारी नाही.

दौलताबादचा हौद

या परीक्षेचा प्रश्न आपल्याला एकदा तोंडावर विचारला गेला होता, आणि तोही मराठवाड्याच्या भूमीवर. साल १९३४. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायचे ठरले. तो मुलूख त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. प्रवासात सगळ्यांच्या अंगावर धूळ बसलेली. किल्ल्याच्या दरवाजापाशी पाण्याने भरलेला लहानसा हौद होता. त्यावर काही जणांनी हात, पाय, तोंड धुतले. थोड्याच वेळात पांढऱ्या दाढीचे एक वृद्ध मुसलमान ओरडत आले. अस्पृश्यांनी हौद बाटवला, अशी त्यांची ओरड होती. बघता बघता जमाव झाला, शिवीगाळ झाली, गावातल्या अस्पृश्यांनाही त्यात ओढले गेले. महिना रमजानचा होता.

बाबासाहेबांनी त्या जमावाला विचारले की, तुमचा धर्म तुम्हाला हेच शिकवतो काय? आणि एखादा अस्पृश्य उद्या मुसलमान झाला, तर त्यालाही तुम्ही या पाण्यापासून अडवणार काय? जमावाकडे उत्तर नव्हते. शेवटी किल्ल्यात जायला परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लागू नये म्हणून एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला. ही हकिगत कुणा विरोधकाने रचलेली नाही, ती बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

याच बाबासाहेबांना सात वर्षांपूर्वी महाडला वेगळा मुसलमान भेटला होता. चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर, डिसेंबर १९२७ मध्ये परिषदेच्या मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा महाडच्या फत्तेखान यांनी आपली जागा दिली. फत्तेखान आपलेच होते आणि हौदावर ओरडणारे ते वृद्धही आपलेच होते. जलशात आपण फत्तेखानांचे नाव अभिमानाने घेतो. हौदाचे नाव घेत नाही.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तो त्यांचा स्वतंत्र, अभ्यासपूर्वक घेतलेला निर्णय होता. आपल्याकडे मात्र अजूनही काही मंडळी उसासे टाकतात की ते इस्लामकडे आले असते तर काय झाले असते! आम्ही या मंडळींना विचारतो, दौलताबादला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी द्याल काय? पाकिस्तानच्या प्रश्नावर १९४० साली लिहिलेल्या ग्रंथात बाबासाहेबांनी १९०१ च्या बंगालच्या जनगणनेचा आधार घेऊन मुसलमानांतल्या अशराफ, अजलाफ आणि अरजल या उतरंडीची नोंद केली आहे. त्यातल्या अरजलांशी इतर मुसलमान संबंध ठेवत नाहीत, त्यांना मशिदीत आणि सार्वजनिक कब्रस्तानात मज्जाव असतो, असे त्या अहवालात म्हटले होते. ज्याने हे वाचले होते आणि हौदावर अनुभवलेही होते, त्याला आपण सफेची गोष्ट सांगून काय पटवणार होतो?

पैगंबरांनी काय केले

समतेविषयी पवित्र कुरआन काय सांगते ते वाचकांना ठाऊक आहे. सूरह हुजुरातची तेरावी आयत साऱ्या मानवजातीला उद्देशून आहे. एका स्त्री-पुरुषापासून तुम्हाला निर्माण केले, टोळ्या आणि वंश केले ते एकमेकांची ओळख पटावी म्हणून, आणि अल्लाहपाशी प्रतिष्ठा आहे ती ज्याच्याजवळ तकवा आहे त्याची, असा तिचा आशय आहे. पण याच सूरहमध्ये दोन आयती आधी आणखी एक आज्ञा आहे आणि ती जलशात फारशी ऐकू येत नाही. एका समूहाने दुसऱ्याची थट्टा करू नये, कुणाला हिणवणाऱ्या नावाने हाक मारू नये, अशी ती आज्ञा आहे. आपल्या मोहल्ल्यात विणकराला, पिंजाऱ्याला, खाटकाला, फकिराला कोणकोणत्या शब्दांनी हाक मारतात ते आम्ही इथे लिहीत नाही. वाचकांच्या कानांत ते शब्द आहेतच. तेराव्या आयतीचा फलक लावायचा आणि अकरावी रोज तुडवायची, हा आपला रिवाज आहे.

हिजरी सन १० मधल्या, म्हणजे इ.स. ६३२ च्या अखेरच्या हजमध्ये पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी अरबाला अरबेतरावर आणि गोऱ्याला काळ्यावर श्रेष्ठत्व नाही, हे बजावून सांगितले. हेही सर्वांना पाठ आहे. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते त्यांच्या शब्दांकडे नाही, त्यांनी जुळवलेल्या निकाहांकडे. कारण वंशाचा अभिमान भाषणाने जात नाही, तो सोयरिकीने जातो, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

फातिमा बिन्ते कैस या कुरैश घराण्यातल्या. घटस्फोटानंतर त्यांना मागण्या आल्या. मागणी घालणाऱ्यांत मुआविया होते, अबू जहम होते, दोघेही कुरैश. पैगंबरांनी त्यांना तिसरेच नाव सुचवले, उसामा बिन जैद. उसामांचे वडील जैद गुलामीतून मुक्त झालेले, आई उम्मे ऐमन हबशी. फातिमांना ते प्रथम आवडले नाही. पैगंबरांनी पुन्हा तेच नाव घेतले. निकाह झाला, आणि आपल्या संसाराचा इतर बायकांना हेवा वाटावा इतके सुख मिळाले, असे फातिमांनीच पुढे सांगितले. हे सहीह मुस्लिममध्ये आहे.

अबू हुजैफा हे कुरैशांतले बडे घराणे. त्यांनी आपल्या सख्ख्या भावाची मुलगी सालिम यांना दिली. सालिम हे मुक्त केलेले गुलाम. हेच सालिम कुबा इथे नमाजीचे नेतृत्व करीत आणि त्यांच्या मागे पहिले मुहाजिर उभे राहत. इथे सफ आणि उंबरठा यांत फरक उरला नव्हता. ज्याच्या मागे नमाज पढायची, त्याला मुलगीही द्यायची. आपल्याकडे इमाम कोणत्याही बिरादरीचा चालतो. जावई चालतो काय?

तिसरे उदाहरण तर थेट धंद्याचे आहे. अबू हिंद हे शरीरातले दूषित रक्त काढण्याचे, हजामतीचे म्हणजे हिजामाचे काम करीत. अरबांत हा धंदा हलका समजत. पैगंबरांनी बनू बयाजा या कबिल्याला सांगितले की अबू हिंदला मुली द्या आणि त्याच्याकडच्या मुली करा. सुनन अबू दाऊदमधली ही हदीस आम्ही किती जलशांत ऐकली? आठवत नाही. बिलाल यांची अजान ऐकताना आपले काही जात नाही. अबू हिंदची सोयरीक ऐकली की मात्र प्रत्येकाच्या घरापर्यंत गोष्ट येते.

आणखी एक प्रसंग. मदिनेच्या मशिदीत झाडलोट करणारे एक माणूस होते. बहुतेक जण ती एक काळी स्त्री होती असे सांगतात. ती वारली. लोकांनी ही काही फार मोठी बाब नाही असे समजून पैगंबरांना न कळवता दफन उरकले. पैगंबरांना ती दिसेना, तेव्हा त्यांनी चौकशी केली. मला का सांगितले नाही, म्हणून विचारले आणि तिच्या कबरीवर जाऊन जनाजाची नमाज पढली. झाडूवालीच्या मय्यतीला न बोलावणे ही त्यांच्या लेखी किरकोळ बाब नव्हती.

कुफूची ढाल

एवढे सांगितले की आमच्यासमोर एक अरबी शब्द ढालीसारखा धरला जातो, कुफू. नवरा-नवरी तोलामोलाची असावीत, हे शरीयतमध्येच आहे, तुम्ही कोण बोलणारे, असे म्हटले जाते. तेव्हा या ढालीत काय आहे ते पाहू.

हनफी फिकहच्या ग्रंथांत कुफूच्या यादीत वंश, स्वातंत्र्य, दीनदारी, मालमत्ता आणि धंदा यांची चर्चा आहे, हे खरे. धंद्याच्या चर्चेत विणकर, चांभार-ढोरांचे कातडी कमावण्याचे काम करणारा आणि हिजामा करणारा हे हलके, तर अत्तार आणि कापडाचा व्यापारी हे प्रतिष्ठित, असे ठरवलेले सापडते. पण हे मत सर्वांचे नाही. इमाम मालिक यांच्या मते कुफू पाहायचा तो दीनाचा. सुफियान सौरी यांनी वंशाचा कुफू मानला नाही. हनफींमधल्याच अबुल हसन करखी यांनीही तो नाकारला. विणकर आणि हजाम वगळता बाकी सारे एकमेकांच्या बरोबरीचे, अशा अर्थाची जी हदीस पुढे केली जाते, तिला हदीसच्या जाणकारांनी बनावट किंवा अत्यंत कमकुवत ठरवले आहे. आणि ज्यांनी कुफू मानला, त्यांनीही तो प्रामुख्याने मुलीचा आणि तिच्या वलीचा हक्क म्हणून मानला. हक्क सोडता येतो. तो फर्ज नाही. बाहेरच्या बिरादरीत निकाह करणे गुनाह आहे, असे कोणताही इमाम म्हणत नाही.

गंमत पाहा. ज्या अत्तारीला त्या जुन्या ग्रंथांनी प्रतिष्ठेचा धंदा म्हटले, तो अत्तार आपल्या महाराष्ट्रात ओबीसींत मोडतो आणि सोयरिकीच्या वेळी तोही खालचाच ठरतो. म्हणजे आपण किताबही पाळत नाही. आपण पाळतो ती गावगाड्याची उतरंड, आणि तिच्यावर अरबी शब्दाचा शिक्का मारतो. बगदाद आणि कूफ्याच्या बाजारपेठेचा तत्कालीन व्यवहार हा अल्लाहचा कायदा नव्हे, आणि आपल्या पंचक्रोशीचा व्यवहार तर त्याहून नव्हे.

या ढालीची एक बाजू आणखी कडवट आहे. कुफू पाहिला जातो तो मुलीच्या बाजूने. वरच्या बिरादरीचा मुलगा खालच्या घरातली सून आणतो, तेव्हा थोडी कुजबुज होऊन लोक गप्प बसतात. मुलीने तेच केले की जमातीची बैठक बसते. साऱ्या बिरादरीची इज्जत एका मुलीच्या डोक्यावर ठेवलेली असते. ती शिकते, नोकरी करते, तिच्या तोडीचा मुलगा बिरादरीत मिळत नाही आणि बिरादरीबाहेर शोधायला बाप धजावत नाही. तिचे वय वाढत जाते. अल्लाहने तिला निकाहला हो किंवा नाही म्हणण्याचा अधिकार दिला. आपण तो अधिकार तिच्यापर्यंत पोचायच्या आतच यादी कापून टाकतो.

'आपल्यात जाती नाहीत'

दुसरा आक्षेप अधिक सभ्य असतो. इस्लाममध्ये जाती नाहीत, ज्या आहेत त्या नुसत्या बिरादऱ्या, धंद्यांवरून पडलेली नावे, असे म्हटले जाते. इस्लाममध्ये जाती नाहीत, हे आम्हाला शंभर टक्के मान्य आहे. प्रश्न इस्लामचा नाही, मुसलमानांचा आहे. पावसात छत्री असते म्हणून माणूस कोरडा राहत नाही, ती उघडावी लागते.

फरक आहे, तोही आम्ही मान्य करतो. आपल्याकडे जातीला धर्मग्रंथाचा पाठिंबा नाही. मशिदीत आज आपल्या भागात कुणाला सफेतून उठवत नाहीत. एका ताटात जेवायलाही सहसा हरकत नसते. पण जन्मावरून ठरणारा दर्जा, बापाचा धंदा सोडला तरी न सुटणारे नाव आणि आपापसातच लग्न, ही तीन लक्षणे जिथे आहेत तिथे जात आहे. तिला उर्दू नाव दिल्याने ती हलाल होत नाही. कोकणाच्या किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्या मुसलमानांना दाल्दी म्हणून वेगळे काढले गेले, ते कोणत्या शरीयतने?

आपले बहुसंख्य पूर्वज इथलेच. विणकर, पिंजारी, माळी, न्हावी, शिकलगार, भटके कलावंत असे ते आपापल्या धंद्यांसकट इस्लाममध्ये आले. गावगाड्यात मुलाण्याचा समावेश बलुतेदारांत झाला. धर्म नवा, बलुते जुने. यात त्यांचा कमीपणा काहीच नाही. पण बाहेरून आलेल्या अमीर-उमरावांनी अरबी, इराणी, तुर्की वंशाची मिरास सांगितली आणि इथल्यांना कमअस्सल ठरवले. चौदाव्या शतकातला इतिहासकार जियाउद्दीन बरनी याने राज्यकर्त्यांसाठी लिहिलेल्या ग्रंथात हीन कुळातल्यांना नमाज-रोजाच्या नियमांपलीकडे शिकवू नये असा सल्ला दिला आहे. मुहम्मद तुघलकाने बागवान, न्हावी, आचारी अशा लोकांना मोठमोठे अधिकार दिले, म्हणून याच बरनीने जळफळाट केला. दिल्लीची राजधानी ज्याने १३२७ च्या सुमारास याच दौलताबादेत आणली, तो हा तुघलक. सुलतानाच्या बाकीच्या कारभाराविषयी काय म्हणायचे ते म्हणा. पण बागवानाला हुकमत मिळाली म्हणून ज्याच्या पोटात दुखते, तो बरनी आजही आपल्या जमातीच्या बैठकीत बसलेला असतो.

कित्येक घरांनी आडनावे बदलली, शेख झाले, खान झाले, कुठून तरी शजरा मिळवला. त्यांना आम्ही हसत नाही. ज्याला हिणवले जाते तो नाव बदलणारच. हसायचे असेल तर हिणवणाऱ्यांना हसावे.

एकीचा धाक

तिसरा आक्षेप भावनेला हात घालतो. काळ कठीण आहे, मुसलमानांवर चारी बाजूंनी संकट आहे, अशा वेळी जातीचा विषय काढून फूट कशाला पाडता? विरोधकांच्या हातात कोलीत कशाला देता?

काळ कठीण आहे, हे आम्हाला कुणी सांगायला नको. दंगलीत जळते ते घर बहुधा झोपडपट्टीतले, मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागावर राबणाऱ्याचे, हातगाडीवाल्याचे. संकटाच्या वेळी हाच माणूस पुढे असतो. तिकिटाच्या वेळी, ट्रस्टच्या निवडणुकीच्या वेळी, शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीत तो किती दिसतो? ज्या एकीत एकाने मार खायचा आणि दुसऱ्याने प्रतिनिधित्व करायचे, ती एकी नव्हे. फूट आम्ही पाडत नाही. फूट आहेच, आम्ही तिच्यावर बोट ठेवतो.

हे बोट पहिल्यांदा आम्हीच ठेवलेले नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली, विलास सोनवणे यांच्यासारखे कार्यकर्ते तिच्यात उतरले, आणि फळांच्या व्यापाऱ्याचा मुलगा असलेले दिलीपकुमार तिच्या व्यासपीठांवर गेले. बिहारमधून अली अन्वर यांचे 'मसावात की जंग' २००१ मध्ये आले. २००५ मध्ये नेमलेल्या न्या. राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये अहवाल दिला. मुसलमानांतली अशराफ, अजलाफ, अरजल ही विभागणी त्यात स्पष्ट मांडली आहे, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००४-०५ च्या आकड्यांनुसार देशातल्या मुसलमानांपैकी ४०.७ टक्के लोक ओबीसी असल्याचे नोंदवले आहे. सच्चर अहवाल आपण सर्व सभांत हातात धरतो. त्यातले हे प्रकरण मात्र मिटलेलेच राहते.

सरकारचाही दोष आहे आणि तो आम्ही पोटात घालणार नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातींचा दर्जा धर्माला बांधला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. मैला उचलणारा, झाडू मारणारा मुसलमान आणि ख्रिश्चन बाहेर राहिला. न्या. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा भेद काढून टाकण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. धर्म बदलला की जात जाते, असे या आदेशाने गृहीत धरले. पण जरा थांबून विचार करू. ज्या आदेशावर आपण अन्याय म्हणून बोट ठेवतो, त्या आदेशामागचे गृहीत आपलेच व्यासपीठावरचे वाक्य आहे, मुसलमानांत जात नसते! हे वाक्य आपण जलशात टाळ्यांसाठी वापरायचे आणि अर्जात मात्र उलट लिहायचे, हे किती दिवस चालणार? आपल्यातल्या सर्वांत तळच्या माणसाचा हक्क आपल्याच फुशारकीखाली दबलेला आहे.

आता तर टाळण्याची सोयही उरलेली नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने जनगणनेत जातीची नोंद घेण्याचा निर्णय जाहीर केला. लगेच आपल्यात कुजबुज सुरू झाली की, जातीच्या रकान्यात फक्त मुसलमान लिहा. आम्ही याला स्वच्छ विरोध करतो. शिकलगाराने शिकलगार लिहावे, पिंजाऱ्याने पिंजारी, फकिराने फकीर. सय्यदांनी सय्यद लिहावे. ज्याला शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरी यांची गरज आहे त्याची मोजदाद झालीच पाहिजे. दुखणे लपवून वैद्याकडे जाता येत नाही.

करायचे काय

नुसती टीका करून थांबणे आम्हाला मान्य नाही. आमच्या मागण्या साध्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना सरकारची परवानगी लागत नाही.

प्रत्येक मशिदीत जुम्म्याच्या बयानात वर्षातून काही वेळा तरी अबू हिंद, सालिम आणि फातिमा बिन्ते कैस यांच्या निकाहांवर बोलले जावे, आणि ते अशा भाषेत की समोर बसलेल्या बापाला ते आपल्या मुलीविषयी आहे हे कळेल. उलेमांनी लेखी सांगावे की बिरादरीबाहेरचा निकाह जायजच नव्हे तर सुन्नतला धरून आहे. अशा निकाहासाठी काझीने आढेवेढे घेऊ नयेत आणि जमातीने दंड, बहिष्कार यांची भाषा केली तर मशिदीतूनच तिचा निषेध व्हावा. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे. त्याचा आधार घ्यायला लाजायचे कारण नाही.

मशीद, मदरसा, कब्रस्तान यांच्या ट्रस्टवर एकाच घराण्याची किंवा एकाच बिरादरीची मिरासदारी मोडली पाहिजे. चंदा सगळ्यांचा आणि चाव्या एकाच्या, हा कारभार पैगंबरांच्या मशिदीतला नव्हे. बिरादरीची वेगळी कब्रस्ताने जिथे आहेत तिथे ती सर्वांना खुली करावीत. मातीला तरी बिरादरी विचारू नये. जकातीचा पैसा बिरादरीच्या मंडळापुरता फिरतो, तो मदारी-दरवेशींच्या तांड्यातल्या मुलांच्या शाळेपर्यंत न्यावा.

आणि लिहिणाऱ्यांनीही आपले काम करावे. आपल्या मराठी साहित्यात मुसलमानांच्या वेदनेवर पुष्कळ लिहिले गेले, ते आवश्यकच होते. पण त्या वेदनेच्या आत आणखी एक वेदना आहे. पिंजाऱ्याच्या पोराला मोहल्ल्यातच मिळालेली हाक, खाटकाच्या मुलीचे मोडलेले लग्न, सफेत शेजारी उभा असणाऱ्याने दारातून परत पाठवलेला निरोप, या गोष्टी त्याच घरांतून आलेल्या लेखकांच्या लेखणीतून आल्या पाहिजेत, आणि संपादकांनी त्या समाजाची बदनामी होईल या भीतीने परत पाठवू नयेत.

काही वाचक अजूनही म्हणतील की, जातीच्या रकान्यात जात लिहायला सांगणारे तुम्ही समतेच्या गोष्टी कशाला करता? त्यांना आमचे उत्तर असे आहे. तो रकाना कोरा ठेवायची आम्हालाही इच्छा आहे. त्यासाठी एकच अट आहे. आपल्या घरातल्या मुलीसाठी दीनदार, शिकलेला, कमावता शिकलगार मुलगा सांगून आला, तर बिरादरी न विचारता त्याला घरात बसवा, चहा द्या आणि मुलीचे मत विचारा. ज्या मोहल्ल्यात हे सहज होऊ लागेल, तिथल्या लोकांनी खुशाल तो रकाना रिकामा सोडावा. त्याआधी तो रिकामा सोडणे ही समता नाही, ती लपवाछपवी आहे.